फोमची इस्त्री

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावर भाष्य लिहीत असताना शंकराचार्यांनी स्वमतावरच एक जबर आक्षेप ओढवून घेतला आहे. ब्रह्मावाचून सर्व मिथ्या असेल तर वेदान्तवाक्येही त्याच मिथ्या व्यवहारात मोडतात. मग असत्य वाक्यांपासून ब्रह्मात्मैक्याचे सत्य ज्ञान व्हावे तरी कसे? हा प्रश्न केवळ पाठशाळेतील शब्दच्छलाचा आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी औद्योगिक वस्तूंना आकार देण्याची विद्या जेथे शिकवली जाते अशा, 1969 साली पवईच्या आय. आय. टी.त स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरसारख्या संस्थेच्या कार्यशाळेत फोमचे नमुने कसे तयार होतात ते अवश्य पाहावे.

विद्यार्थ्याला, समजा, विजेची इस्त्री घडवावयाची आहे. बाजूचा आणि वरचा असे दोन आराखडे पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यावर चिकटवायचे, हॅकसॉच्या पात्याने रेषेबाहेरचा भाग उतरवायचा आणि मग लाकडी गुटक्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने वळणे काढीत जायचे, हा रीतसर क्रम. लाकडाच्या तंतूंना स्वतःची दिशा असते आणि ते कारागिराशी हुज्जत घालतात. फोमचा तसा विरोध नाही, तो हाताबरोबर झिजतो आणि त्याची पिवळट भुकटी मनगटापर्यंत चिकटून खाजत राहते. अंगठ्याखालचा भाग जास्त घासला गेला तर तुकडा जोडता येतो, परंतु सांध्यातला वाळलेला गोंद फोमहून कठीण असल्यामुळे दोन्ही अंगे भराभर उतरतात आणि मधे एक धार उभी राहते. या इस्त्रीला तार नाही, उष्णता नाही, वजन नाही. तिने एकही सुरकुती जाणार नाही. इस्त्री म्हणून ती सर्वस्वी मिथ्या होय. तथापि तिची मूठ धरून हात मागेपुढे फिरवू लागताच तर्जनीचे पेर पुढच्या कमानीला घासते, हे जे कळते ते मात्र खरे असते, आणि आराखडा काढताना ते कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते.

आचार्यांचे उत्तर येथे प्रत्यक्ष हाताला लागते. रेघांनी काढलेली अक्षरे म्हणजे काही वर्ण नव्हेत, तरी त्यांवरून खऱ्या वर्णांचा बोध होतोच. स्वप्नातला सर्पदंश खोटा, पण तो अनुभवल्याचे ज्ञान जागृतीतही खोटे ठरत नाही. कोणी म्हणेल, फोम हा फोम म्हणून सत्यच आहे, असत्य आहे ते त्याला इस्त्री म्हणणे. म्हणो बापडा, शाईची रेघही रेघ म्हणून सत्यच असते, आणि दृष्टान्ताला त्यामुळे धक्का लागत नाही.

परंतु मिथ्या वस्तूने दिलेले सगळेच ज्ञान अबाधित राहत नाही, आणि विवेकाची खरी कसोटी या ठिकाणी लागते. खरी इस्त्री हाती आल्यावर बोट घासल्याचे ज्ञान टिकते. मूठ सुखद आहे हे ज्ञान मात्र पहिल्या सदऱ्यावरच बाधित होते, कारण ते सुख मुठीचे नव्हते, फोमच्या हलकेपणाचे होते. म्हणूनच जाणते शिक्षक नमुन्याचे पोट कोरून त्यात शिशाचे तुकडे भरावयास लावतात. याच न्यायाने, कच्च्या फोमवर लांबी भरून चकचकीत रंग चढविण्याच्या हौसेला आरंभी तरी सक्त मज्जाव असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. उघडा, सच्छिद्र फोम आपले मिथ्यात्व कोणापासून लपवीत नाही, त्यामुळे हाती घेणारा त्यातली गैरसोय बेलाशक बोलून दाखवितो आणि करणाराही तेवढा भाग निःसंकोच उडवून देतो. रंग चढला की अध्यासाला, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप होण्याला, प्रारंभ होतो, पाहणारा तारीफ करू लागतो, आणि ज्या चुका उघडकीस आणण्यासाठी नमुना घडविला त्याच चुका त्या रंगाखाली मंजूर होऊन थेट कारखान्याच्या साच्यापर्यंत जाऊन पोहोचतात.