चौथी वाटी

बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायात सात देवदूत देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या ओततात. चौथी सूर्यावर पडते आणि माणसं करपून निघतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीने मे महिन्यातल्या संजीवन सभेत नेमका हाच अध्याय निवडला आणि उपदेशासाठी एका निवृत्त पाळकसाहेबांना बोलावलं. ते हो म्हणून बसले आणि मग पेचात पडले. त्यांची भाची पाणलोटाच्या कामात आहे. पेच माझ्या देखत तिच्यासमोर मांडला गेला.

मामा : तिथल्या तरुण पाळकांचा निरोप आहे, साहेब, जरा कडक बोला, लोक जागे होतील. कडक बोलायला काय, बोलेन. लोक रडतील, गुडघे टेकतील. आणि घरी जाऊन म्हणतील, जे व्हायचं ते लिहूनच ठेवलंय. मग तुझ्या बांधावर श्रमदानाला कोण येणार?

भाची : मग तो अध्याय गाळा. डोंगरावरचं प्रवचन घ्या.

मामा : गाळता येत नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटी गाळणाऱ्याला दम भरलाय.

भाची : बरं, तुम्ही स्वतः काय मानता? हा उन्हाळा म्हणजे चौथी वाटी?

मामा : दर पिढीला आपलाच काळ शेवटचा वाटतो, बाळ. अमेरिकेत विल्यम मिलरची माणसं २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्ताची वाट पाहत बसली होती. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. १९८६ ला चेर्नोबिल झालं, तर प्रकटीकरणातला पाणी कडू करणारा कडूदवणा नावाचा तारा तो हाच, असं लोक सांगत सुटले. आणि आपल्याकडे? १८९६ पासून प्लेग, पाठोपाठ छपन्नाचा दुष्काळ. तेव्हा इथल्या कुणी प्रकटीकरण उघडलं असेल, तर त्याला काळा घोडा दारातच उभा दिसला असेल. जग संपलं नाही. लाखो लोकांचं मात्र संपलं.

भाची : पण तेव्हा पाऊस का दडी मारतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज ऊन का वाढतंय ते ठाऊक आहे. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० च्या आसपास भाग होते, आज ते ४२० च्या वर गेलेत. कुठल्या देशाने किती सोडला, त्याचा हिशेब मांडता येतो. ही वाटी देवदूताने ओतली असं तुम्ही व्यासपीठावरून म्हणालात, की ज्यांनी ओतली ते सगळे सुटले.

(मला विचाराल तर सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. भविष्य खरं की खोटं यापेक्षा ते कुणाच्या पथ्यावर पडतं हा प्रश्न मोठा.)

मामा : प्रकटीकरण लिहिणारा योहान त्यांना सोडत नाही. अठरावा अध्याय काढ. बाबेल जळते तेव्हा रडतात कोण? राजे, व्यापारी आणि तांडेल. व्यापाऱ्यांच्या मालाची यादीच दिलीय : सोनं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गहू, घोडे, रथ, आणि सगळ्यांत शेवटी माणसं. अकराव्यात तर उघडच म्हटलंय, पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांची नासाडी होणार.

भाची : काळ्या घोड्याचं काय म्हणालात मघाशी?

मामा : सहावा अध्याय. स्वाराच्या हातात तराजू. दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरता गहू, किंवा तिप्पट जव. पण तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावू नका, अशी वरून ताकीद. कितीतरी वर्षं मला ते शेपूट कळायचं नाही. दुष्काळ म्हटला की सगळंच जायला हवं ना? मग डोमिशियन बादशहाचं फर्मान वाचण्यात आलं. इ.स. ९२ च्या सुमाराचं. द्राक्षं उदंड पिकली आणि धान्याची टंचाई, म्हणून त्याने प्रांतांतल्या निम्म्या द्राक्षबागा तोडायला सांगितल्या. फर्मान अमलात आलंच नाही. योहानाच्या सातही मंडळ्या आशिया मायनरमधल्या, म्हणजे त्याच द्राक्षपट्ट्यातल्या. काही अभ्यासक त्या वचनाचा संबंध या फर्मानाशी जोडतात, आणि मला ते पटतं.

भाची : मामा, ते २०१६ आहे! मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो उन्हाळा. आणि त्याच उन्हाळ्यात औरंगाबादच्या बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी कापा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला. तोवर ते पाणी चालूच होतं. आपल्या जिल्ह्यात पाहा ना, ज्वारी-बाजरी आभाळाच्या भरवशावर आणि पाटाचं पाणी उसाला. टँकरच्या रांगेत कोण उभं असतं, हे मी सांगायला नको.

मामा : म्हणजे घोडा आभाळातून येतो, पण तराजू बाजारातला असतो.

भाची : छान बोललात, पण मी एवढ्यावर सोडणार नाही. वाट्या ओतायचा हुकूम मंदिरातून सुटतो, बाजारातून नाही. फरात नदी आटते ती देवाच्या आज्ञेने. तुम्ही त्याचं सगळं अर्थशास्त्र करून टाकलंत, तर मंडळीतली म्हातारी माणसं म्हणतील, साहेबांचा विश्वास उडाला.

मामा : (बराच वेळ गप्प.) खरं आहे. ते माझ्याच्याने सुटत नाही. देव नैवेद्यासारखा गोडच पाहिजे असा माझा हट्ट नाही. अन्याय पाहून ज्याला राग येत नाही तो देव कसला? पण राग ज्यांच्यावर आणि करपतं ते ज्यांचं, ही माणसं वेगळी निघतात. तुवालूचं ऐकलंयस?

भाची : पॅसिफिकमधली बेटं. जेमतेम अकरा हजार वस्ती, जमीन समुद्रापासून सरासरी दोनेक मीटर वर. ऑस्ट्रेलियाने करार करून वर्षाला २८० जणांना कायमचं येऊन राहायची सोय केलीय.

मामा : जवळजवळ सगळे ख्रिस्ती. तिथली काही जुनी माणसं म्हणतात, पुन्हा जलप्रलय आणणार नाही असं देवाने नोहाला सांगितलंय, तेव्हा समुद्र आम्हाला गिळणार नाही. आता दुसरीकडे ये. २५ मार्च २००९, वॉशिंग्टन, काँग्रेसची ऊर्जेवरची उपसमिती. इलिनॉयचे प्रतिनिधी जॉन शिम्कस नोहाच्याच गोष्टीतलं वचन वाचून दाखवतात आणि सांगतात, पृथ्वीचा शेवट देव ठरवील, माणूस नव्हे. पुस्तक एक, अभिवचनही तेच. पण तुवालूची आजी ते धरून बसते, कारण तिच्याकडे दुसरं काहीच नाही. आणि इलिनॉय कोळशाच्या खाणींचं राज्य.

भाची : आजीला मी चूक म्हणणार नाही. पण ती बुडेल.

मामा : म्हणूनच मी योनाकडे वळतो. चाळीस दिवसांत निनवे उलथून जाईल, एवढंच तो ओरडला. त्यात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. तरी राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, गुरांनासुद्धा गोणपाट घातलं, आणि नगर वाचलं. भाकीत फसलं म्हणून संदेष्टा रुसून बसला! त्या फसण्यासाठीच देवाने त्याला पाठवलं होतं, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

भाची : तुमच्या सभेत निनवेचा राजा येणार आहे का? येणार शेतमजूर, शिक्षक, नर्सबाई. त्यांनी गोणपाट नेसून चंद्रपूरची कोळशावरची वीज थांबत नाही. आणि मी घातलेल्या बांधाने पाणी मुरतं, सूर्य थंड होत नाही.

मामा : सभेतला लाउडस्पीकरही त्याच कोळशावर चालणार आहे. आपण निनवेबाहेरचे आहोत असं समजायचं कारण नाही.

भाची : मान्य. पण वाटा तरी सारखा नाही ना. सगळ्यांना एकाच सुरात पश्चात्ताप करायला लावलात, तर ऊसवाला बागायतदार आणि टँकरच्या रांगेतली बाई एकाच बाकावर बसून रडतील आणि दोघांनाही हलकं वाटेल. मला ते नकोय. बाईला हलकं वाटू द्या, त्याला नको.

मामा : त्या मंडळीतले दोन बागायतदार मला जेवायला बोलावणार आहेत.

भाची : मग जेवणाआधी बोला.

(दोघंही हसली. पण पाळकसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, ते मी पाहिलं.)

मामा : सोळावा वाचेन, गाळणार नाही. पण आधी सहावा आणि अठरावा. लोकांना आधी तराजू आणि मालाची यादी दिसू दे, मग वाटी. पाटाच्या पाण्याचं नाव घेऊन बोलेन. तरुण पाळकांना ते फार कडक वाटेल, त्यांना हवं होतं तसलं नव्हे.

भाची : आणि शेवट?

मामा : योना, चौथा अध्याय, शेवटचं वचन. त्यात देव निनवेची एक लाख वीस हजारांवर माणसं मोजतो आणि सोबत गुरंढोरंही. अर्धी मंडळी कधी ना कधी जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलेली आहे. त्यांना ते वचन समजावून सांगावं लागणार नाही.