पन्नासांपैकी गुण

चवीविषयी वाद घालू नये, असे एक सोयीचे मत सुशिक्षितांमध्ये रूढ झालेले आहे. ज्याला जे रुचेल ते त्याला गोड, इतके म्हटले की दोन माणसांना भांडणावाचून एका पंक्तीस बसता येते. आणि पंक्तीत शांतता राखणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु हे मत उच्चारणारी माणसे ते क्षणभरही पाळीत नाहीत. तोच गृहस्थ घरी आल्यावर ‘आज आमटी बिघडली’ असे म्हणतो. ‘आज आमटीचा आणि माझ्या जिभेचा योग जुळला नाही’ असे म्हणत नाही. बिघडली म्हणजे कोणाच्याही जिभेला ती बिघडलेलीच लागावी, असा त्याचा दावा असतो. तेव्हा चव ही खाजगी गोष्ट आहे हे आपण बोलतो, आणि ती सार्वजनिक आहे असे समजून वागतो. या दोहोंपैकी खरे काय?

युरोपातील तत्त्ववेत्त्यांनी या प्रश्नाची चर्चा करताना वारंवार मद्याचाच दाखला घेतलेला आहे, ही गोष्ट मोठी मजेची आहे. कांटने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कॅनरी बेटांतील मद्याचे उदाहरण घेतले. ते सुखद आहे असे कोणी म्हणाला, तर ‘मला सुखद आहे’ अशी दुरुस्ती त्याने निमूटपणे स्वीकारली पाहिजे. सुंदर वस्तूबद्दल बोलताना मात्र अशी दुरुस्ती चालत नाही, कारण तेथे आपण सर्वांच्या वतीने बोलत असतो. म्हणजे कांटने जिभेला न्यायालयाच्या बाहेरच बसविले. त्याच्या आधी ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात जिभेला साक्षीदार म्हणून आत बोलाविले होते. ‘डॉन किहोते’मधील सँकोच्या दोन नातलगांची कथा त्याने सांगितली आहे. पिंपातील मद्य चाखून एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची येते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली सापडली.

मला या कथेतील किल्लीपेक्षा ते हसणारे लोक अधिक विचारार्ह वाटतात. किल्ली सापडली नसती तर ते आयुष्यभर हसत राहिले असते, आणि तरीही ते चुकीचेच ठरले असते.

आपल्याकडे हा विचार अधिक मोकळेपणाने झालेला आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना सरळ जेवणाऱ्या माणसाकडे बोट दाखविले: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना प्रसन्नचित्त माणूस जसे रस आस्वादितो, तसेच प्रेक्षकाचे. पुढे अभिनवगुप्तादी आचार्यांनी पानकाचा दृष्टान्त घेतला. गूळ, मिरी, आंबट वगैरे पदार्थ मिसळले की त्यांपैकी कोणा एकाची नव्हे, अशी एक नवीच चव निर्माण होते. काशीत ठंडाई पिणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या परंपरेने काव्याची परीक्षा जिभेपासून शिकून घेतली आणि नंतर जिभेला काव्याची पायरी दिली नाही, एवढेच.

हे सर्व मनात येण्याचे कारण एक पेय आहे, आणि त्याचे नाव या अंकाच्या वाचकांपैकी काहींना रुचणार नाही. अमेरिकन पेल एल ही बिअरची एक जात. मोड आणून वाळविलेले सातू, हॉप नावाच्या वेलीची फुले, पाणी आणि किण्व एवढ्यांवर ती होते. इंग्रजांची पेल एल जुनी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिचा एक अधिक कडू प्रकार कलकत्त्याच्या साहेबांसाठी जहाजांतून येत असे. अमेरिकन जात मात्र आपल्या डोळ्यांदेखत जन्मलेली म्हणावी अशी आहे. १९७२ साली ‘कॅस्केड’ नावाच्या हॉपची नवी जात ऑरेगॉनमधून प्रसृत झाली, आणि १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील चिको गावच्या ‘सिएरा नेवाडा’ या लहान कारखान्याने तिच्या वासाभोवती आपली पेल एल उभी केली. त्यापूर्वीच, १९७८ साली, अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तेथील माणसाला घरी स्वतःपुरती बिअर करण्याची मोकळीक मिळाली होती. एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन. आपल्याकडे ही हौस घरात करता येत नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने लहान प्रमाणावर बिअर करून विकण्यास सुरुवात केली, तेव्हापासून महाराष्ट्रातील शहरांना तिची ओळख झाली.

या हौशी लोकांनी परीक्षेची पद्धतही सिद्ध केली. १९८५ साली स्थापन झालेली त्यांची एक परीक्षक-संस्था आहे. तिच्या पत्रिकेत एकंदर ५० गुण असतात: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. अमेरिकन पेल एलच्या कडूपणाचे माप त्यांच्या परिमाणात ३० ते ५०, मद्यार्क शेकडा ४.५ ते ६.२, रंग फिकट सोनेरीपासून पिंगटापर्यंत, असे सारे लिहून ठेवलेले आहे. भरलेली पत्रिका स्पर्धकाला परत पाठवितात. या शेवटच्या नियमाकडे मी पुन्हा वळणार आहे.

माझे आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतात आणि घरी ही पेल एल करतात. दुर्गाघाटावर आत्याकडे आले असता त्यांनी दोन बाटल्या आणि एक कोरी पत्रिका बरोबर आणली होती. दुर्गाघाट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की हा घाट आणि शेजारचा ब्रह्माघाट हे अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी उभे केले. तेव्हापासून या गल्ल्यांत मराठी बोलली जाते, आणि ब्रह्मचारिणी दुर्गेच्या दर्शनाला नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी येथे मुंगीलाही वाट मिळत नाही. अशा वस्तीत माडीवर बसून मी पेला नाकाशी नेला. आत्या खालीच राहिली. तिने एकच चौकशी केली: “जव नीट निवडून घेतले होतेस ना रे?”

पहिली अडचण चवीची नव्हती, शब्दांची होती. पत्रिकेसोबतच्या सूचनांत ग्रेपफ्रूट, पाइन, बिस्किट असे शब्द होते. यांतला पाइन मी कधी हुंगला नव्हता. परंतु पपनसाची साल सोलताना बोटांना जो वास लागतो तो मला ठाऊक होता, आणि तोच पेल्यात होता. त्याखाली भाजल्या धान्याचा खमंगपणा होता. मराठीत सातू म्हणजे जव आणि काशीत सत्तू म्हणजे बहुधा हरभऱ्याचे पीठ, हा घोटाळा बाजूस ठेवला तरी सत्तूच्या दुकानासमोरून जाणाऱ्याला तो वास ओळखता येतो. कडूपणा मागाहून आला. कारल्यासारखा अंगावर धावून येणारा नव्हे, घोट गेल्यावर जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा. आपल्या भाषेत कडू, कडवट, कडसर, तुरट, उग्र हे भेद इतके स्वच्छ आहेत की या पत्रिकेसाठी इंग्रजीकडून उसनवारी करण्याची मला गरज पडली नाही. आणि या सर्वांच्या तळाशी आणखी काहीतरी होते. ते ओळखण्यास मला थोडा वेळ लागला, पण ओळखले तेव्हा संशय उरला नाही. पावसाळ्यात ओल लागलेल्या जुन्या फायलीचा तो वास होता. कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत ज्याने उमेदीची वर्षे घालविली त्याला हा वास कोणी शिकवावा लागत नाही.

आता सांगावे की न सांगावे? महिनोन् महिने जपलेली आणि इतक्या दुरून आणलेली वस्तू. तीत फायलीचा वास येतो म्हणणे हा आतिथ्याचा कोणता प्रकार? आत्याच्या नीतिशास्त्रात याचे उत्तर ठरलेले आहे. कोणी काही करून आणले की ‘छान झालंय हो’ म्हणावे, आणि ती ते मनापासून म्हणते. या शब्दांना मी खोटे म्हणणार नाही. त्यांत पदार्थाविषयी विधान नसतेच, करणाऱ्याविषयीचा लोभ असतो. परंतु ज्याने पत्रिका पुढे केली आहे त्याने लोभ मागितलेला नाही. त्याने निवाडा मागितला आहे, आणि निवाडा मागणाऱ्याला लोभ देणे म्हणजे त्याला लहान मूल समजणे होय.

मी म्हटले, “दादा, शेवटी ओल्या फायलीसारखं लागतंय.” दादांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि मान हलविली. बाटलीत हवा राहिली किंवा बाटली उन्हाळ्यात फार दिवस पडून राहिली की हा दोष येतो. परीक्षक त्याला ओला पुठ्ठा म्हणतात. त्यांनी तो पत्रिकेत माझ्याच शब्दांत लिहून घेतला. सँकोच्या नातलगांना किल्ली सापडल्यावर झाला असेल तसा आनंद मला झाला हे मी लपवीत नाही. तथापि तात्त्विक महत्त्व आनंदाला नाही. ज्याने बिअरची परीक्षा कधी दिली नाही अशा माझ्या जिभेने जे सांगितले त्याला बाहेर कारण होते. आणि मला ते पुठ्ठा म्हणून नव्हे, फाईल म्हणून कळले. चवीचा आधार वस्तूत आणि चवीचे नाव आयुष्यात, असा काहीसा हा व्यवहार आहे. कांटने जिभेला बाहेर बसविले ते फार घाईने, असे मला वाटते.

निवाडा ज्याचा त्याला कळविलाच पाहिजे, हा नियम आमच्या खात्याला बराच उशिरा सुचला. पूर्वीचे गोपनीय अहवाल कर्मचाऱ्याला सामान्यतः पूर्ण दाखवीत नसत. केवळ प्रतिकूल शेरा तेवढा कळविण्यात येई. मे २००९ च्या आदेशानंतर संपूर्ण अहवाल त्याच्या हाती पडू लागला. गुण देणाऱ्याची लेखणी यामुळे अधिक प्रामाणिक झाली की अधिक मऊ, यावर कारकुनांत दोन पक्ष आहेत आणि मी येथे कोणताही घेत नाही. मात्र बंद लिफाफ्यातील निवाडा आणि हाती दिलेला निवाडा या नैतिक दृष्ट्या दोन वेगळ्या कृती आहेत, एवढे खरे.

येथवर प्रश्न सोपा होता. वस्तू आपल्या जातीत चांगली आहे काय, एवढेच विचारले जात होते. पण ती जातच ग्राह्य आहे काय? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरा तीन प्रकारची सांगितली आहे: गौडी, पैष्टी आणि माध्वी. गुळाची, पिठाची आणि मधाची किंवा मोहाची. पुढच्या निबंधकारांनी पैष्टी हीच मुख्य सुरा ठरविली. सातवांपासून केलेली दादांची पेल एल म्हणजे शुद्ध पैष्टी. जिच्यासाठी प्रायश्चित्त कढत सुरा पिण्याचे. मद्याचा वास घेणेदेखील स्मृतिकाराने दोषांत गणले आहे. यावरून एक गोष्ट दिसते: गंध हा चवीचा मोठा हिस्सा आहे हे, गंधाला १२ गुण देणाऱ्यांच्या फार पूर्वी, त्याला पक्के कळले होते. दुसऱ्या बाजूस सौत्रामणी यागात सुरेलाच स्थान आहे, आणि ती मोड आलेल्या धान्यापासून करण्याचा विधी श्रौत ग्रंथांत सांगितलेला आहे. आमच्या घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर कालभैरवाला आजही मद्य चढविले जाते. तेथे ते कोणत्या कारखान्याचे, हे कोणी विचारीत नाही. शास्त्राने वर्ज्य सांगितले, वाईट चवीचे सांगितले नाही. वर्ज्य वस्तू बेचव असलीच पाहिजे हा पुढच्या भित्र्या सदाचाराचा शोध आहे. आत्या या बाबतीत आमच्यापेक्षा सरळ विचार करते: ती पीत नाही, पण धान्य निवडले होते का हे विचारते.

याच्या उलट दिशेची गफलत आज अधिक दिसते. चोखंदळपणे प्यालेले ते पिणेच नव्हे, असा एक नवा समज आहे. पपनसाचा वास ओळखता आला म्हणून यकृत सवलत देत नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. जिभेच्या न्यायालयाची मर्यादा याहून कठोरपणे दिसली ती २०१५ च्या जूनमध्ये, मुंबईतील मालवणी येथे. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉलची चव आणि वास नेहमीच्या मद्यार्काहून निराळे ओळखता येत नाहीत. माझ्या जिभेने ओली फाईल पकडली, पण तेथील पेल्यात ती मुकी राहिली असती. मेलेली माणसे चवीसाठी पीत नव्हती, आणि त्यांच्यापुढे कोणी पत्रिका ठेवलेली नव्हती. दादांच्या बाटलीत मी घोट घेतला तो जिभेच्या भरवशावर नव्हे, दादांच्या भरवशावर. पन्नासांपैकी एकही गुण या भरवशासाठी राखलेला नाही.

सरकारी नोकराला तर आणखी एक कुंपण आहे. १९६४ च्या आचरण नियमांतील बाविसावा नियम सार्वजनिक ठिकाणी मद्य घेण्यास मनाई करतो, आणि पैसे देऊन जेथे कोणासही जाता येते ते ठिकाणही त्यात सार्वजनिकच धरले आहे. तेव्हा पुण्यातील त्या दुकानात बसून तुलना करणे मला शक्य नाही. चव सार्वजनिक असते असा दावा करणाऱ्याने ती खाजगीतच घ्यावी, असा हा नियम. आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला माझ्या निवाड्याशी कर्तव्य नसते, माझ्या तोलाशी असते.

पत्रिकेत मी गंधाला ८, रूपाला ३, चवीला ११ आणि स्पर्शाला ४ दिले. ‘एकंदर परिणाम’ या रकान्यापाशी मात्र थांबावे लागले. त्याच्या १० गुणांत काय मोजावयाचे? हे पेय जातिवंत किती, की मला पुन्हा घ्यावेसे वाटेल किती, की घ्यावे असे मी दुसऱ्यास सांगेन किती? दादा म्हणाले, यांतील पहिले दोनच. तिसरा प्रश्न पत्रिकेत नसतो. मी ५ लिहिले आणि एकतीसची बेरीज करून पत्रिका त्यांच्या हाती दिली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्यापाशीच ठेवले आहे, आणि दुसरी बाटली त्यांनी उघडली नाही.