जीर्णोद्धार कोठवर?

सांचीस जाणारे बहुतेक जण मोठ्या स्तूपाची तोरणे पाहून परततात. दक्षिण तोरणासमोरच असलेल्या अठराव्या क्रमांकाच्या मंदिरापाशी फारसे कोणी थांबत नाही. तेथे छत नाही; एकेका अखंड शिळेचे उंच चौकोनी खांब तेवढे आकाशाखाली उभे आहेत. हे सातव्या शतकातील चैत्यगृह. मांडणी कार्ल्याच्या लेण्याचीच. मात्र तेथे डोंगर कोरला, येथे दगड रचला, आणि मागील अर्धवर्तुळाकार भागास खांबांऐवजी भरीव भिंत घातली.

यावर पुन्हा छप्पर का घालू नये, असे अनेक जण विचारतात. प्रश्न पोकळ नाही. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सनने मोठा स्तूप वरपासून तळापर्यंत फोडला, त्यामुळे पश्चिम तोरणही कोसळले. १९१२ ते १९१९ या काळात मार्शल यांनी भोपाळच्या बेगमांच्या द्रव्यसाहाय्याने स्तूपाचा ढासळता भाग सावरलाच ना? शिवाय या चैत्यगृहाखाली त्याहून जुन्या वास्तूंच्या जमिनी सापडल्या आहेत. म्हणजे जुन्या जागी नवे बांधण्याची रीत खुद्द भिक्षुसंघाचीच. त्यांनी केले ते पुण्य आणि आम्ही केले तर पाप, हा कोठला न्याय?

आमच्या मते भेद असा : स्तूपाचा ढासळलेला भाग कसा होता, हे उरलेला भागच सांगत होता. येथील छपराविषयी कार्ल्यावरून तर्क करता येईल. परंतु तर्क एकदा दगडात घातला की शंभर वर्षांनी तोच पुरावा ठरतो. भिक्षूंनी बांधले ते आपल्या काळाचे, आपल्या उपासनेसाठी; ते पूर्वजांच्या नावावर खपवले नाही. (आमच्या घराण्यांच्या देवळांतील सागवानी खांबांवर तैलरंग फासणाऱ्या विश्वस्तांनी हे चैत्यगृह एकदा पाहावे.)

नव्या गरजेला नवी वास्तू, हा मार्ग सांचीनेच दाखविला. कनिंगहॅम यांनी १८५१ मध्ये तिसऱ्या स्तूपातून काढलेल्या सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या अस्थी विलायतेहून परत आल्या आणि १९५२ मध्ये त्याच टेकडीवरील नव्या विहारात ठेवल्या गेल्या. त्या विहारास कोणी अशोककालीन समजत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. तिसरा स्तूप नीट सावरलेला आहे, पण ज्यांच्यासाठी तो रचला, त्यांच्या अस्थी थोड्या अंतरावर कुलुपात असतात आणि नोव्हेंबरअखेरीस दर्शनापुरत्या बाहेर येतात.