न परतवलेली वाटी

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहत होतो. 160 चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून. संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांत माझे वडीलही होते. काही महिन्यांत वाण्याने उधारी बंद केली.

शेजारच्या काकूंकडे काकांचा पोस्टातला पगार चालू होता. एका संध्याकाळी त्यांनी वाटीभर आमटी पाठवली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. आईने चमचाभर साखर घालून ती परत केली. असं तीन-चारदा झालं. मग साखरेचा डबा रिकामा झाला आणि आई म्हणाली, "नको, आमची जेवणं झालीत."

काकूंनी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी त्या परात घेऊन आल्या. "वहिनी, मला जवळचं दिसत नाही हो. एवढे तांदूळ निवडून द्याल?" पुढे रोजच तांदूळ आले, कधी मेथीची जुडी आली. निवडता निवडता दोघी बोलत बसायच्या. आमटीची वाटीही पुन्हा येऊ लागली. आता ती रिकामी परत देताना आईला संकोच वाटत नसे. वर्षभरात 'अहो वहिनी'चं 'अगं' झालं.

त्यानंतर कित्येक वर्षं काकू चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होत्या.

चाळीमुळे शेजारधर्म टिकला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. नळावरच्या भांडणातून जन्माचा अबोला धरलेली घरंही आमच्याच मजल्यावर होती. भिंतीला भिंत लागून असली म्हणून माणसं जवळ येत नाहीत. मदत घेणारा मनातून ओशाळलेला असतो आणि ओशाळलेल्या माणसाशी मैत्री जमत नाही. काकूंनी ते ओळखलं. आमटी देणं सोपं होतं. आईकडे काही मागून त्यांनी तिला बरोबरीला बसवलं. त्यांचा चांगुलपणा मला तिथे दिसतो.

काकूंच्या शेवटच्या आजारपणात आई रोज पेज घेऊन जायची. त्यांच्याकडची एक वाटी अजून आमच्या मांडणीवर आहे.

त्या चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत, घरं 500 चौरस फुटांची आहेत. तिथेही हे जमेल. नव्या शेजाऱ्याला काही द्यायला जरूर जा. पण एकदा त्याच्याकडे काहीतरी मागायलाही जा.