गाव विसरत नाही

इगतपुरीत कोणी नवखा माणूस स्टेशनवर उतरून पत्ता विचारू लागला, तर आपण त्याला घराचा क्रमांक सांगत नाही. अमक्याचे वडील रेल्वेत होते ना, त्यांचे घर, असे सांगतो. कोणाकडे आजारपण आहे, कोणाची मुलगी नाशिकला नोकरीला लागली, सारे आपल्याला ठाऊक असते. मध्यरात्री दवाखाना गाठायची वेळ आली, तर शेजारी हाक मारण्याआधीच चपला घालून दारात उभा राहतो. मुंबईला गेलेली आपली मुले याच गोष्टीसाठी हळहळतात.

पण ही ओळख नेहमी प्रेमाचीच असते का?

दारू सोडून दहा-बारा वर्षे झालेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. असे आपल्यात आहेत; नावाची गरज नाही. त्याने प्रायश्चित्त संस्कार घेतला, धर्मगुरूंनी प्रभूच्या नावाने त्याला क्षमा दिली. देवाच्या दरबारी गोष्ट संपली. बाजारात मात्र संपली नाही. त्याच्या मुलाच्या सोयरिकीचे बोलणे निघाले, की कोणीतरी हळूच म्हणतोच, "घर चांगले आहे हो, पण वडील पूर्वी..." मोठ्या शहरात असा माणूस राहते घर बदलतो आणि नव्याने जगू लागतो. इथे त्याने कुठे जावे? एक स्टेशन, एक बाजार, एक देवालय. म्हणून क्षमेची जबाबदारी लहान गावावर अधिक पडते, असे आम्हाला वाटते.

नाझरेथही लहानच होते. संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगतो, की प्रभू सभास्थानात शिकवू लागला तेव्हा गावकरी थक्क झाले. पण लगेच म्हणाले, हा तर सुतार, मरियेचा मुलगा, याचे भाऊबंद इथलेच. त्यांची माहिती अगदी बरोबर होती. तरीही समोर कोण उभे आहे हे त्यांना दिसले नाही, आणि प्रभूला तिथे फारसे काही करता आले नाही.

कोणी म्हणेल, मग सारे विसरायचे का? ज्याने पैसे बुडवले त्याच्या हाती पुन्हा पेटीची किल्ली द्यायची? तसे नव्हे. किल्ली न देणे वेगळे आणि तो आला की गप्पा थांबवणे वेगळे. धम्मगिरीला १९७६ पासून देशोदेशीचे लोक दहा दिवसांचे मौन पाळायला येतात. ते मौन माणूस स्वतः पत्करतो. आपल्या कोपऱ्यावरची शांतता मात्र दुसऱ्यावर लादलेली असते.

कसाऱ्याहून थळ घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लावतात, हे आपल्या रेल्वेच्या घरांना सांगायला नको. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. इगतपुरीला ती इंजिने सुटतात आणि गाडी पुढे निघते. आतल्या प्रवाशांना बहुधा पत्ताही नसतो. त्या माणसाच्या पडत्या काळात त्याच्या घरी कोणीतरी महिनोन्महिने धान्य पोचवत होते. सर्व काही जाणणाऱ्या आपल्या गावाला ते नाव मात्र आजवर कळलेले नाही.

मिस्सेत शांतीच्या अभिवादनाला आपण हात जोडून उजवीकडे पाहतो, डावीकडे पाहतो. मागे पाहायचे तर थोडे वळावे लागते. तो शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतो, आणि समाप्तीचे गीत संपण्याआधीच निघून जातो.