पक्वतेची किंमत

दंगेखोर गायकवादकांचा एखादा ताफा चार-सहा वर्षांनीं संयमानें वाजवूं लागला, म्हणजे ‘आतां हे पक्व झाले’ असें लिहून समीक्षक मोकळे होतात. हा शब्द फळांवरून घेतलेला आहे. परंतु फळ झाडावर आपोआप पिकतें; त्यासाठीं शेजारचें फळ खुडावें लागत नाहीं. चार माणसांच्या मेळ्याची गोष्ट निराळी.

माझ्या एका विद्यार्थ्यानें ‘प्लीज्ड टु मीट मी’ ही 1987 ची रेकॉर्ड मला आग्रहानें ऐकविली, तेव्हांपासून हा विचार मनांतून जात नाहीं. अमेरिकेंतील मिनियापोलिस शहरांत 1979 च्या सुमारास जमलेला ‘द रिप्लेसमेंट्स’ हा रॉक बँड गाण्यासाठीं जितका, तितकाच मद्यपानासाठीं प्रसिद्ध होता. व्यासपीठावर तोल जावा, गाणें अर्ध्यावर सोडावें, आणि श्रोत्यांनीं त्यालाच टाळ्या द्याव्या, असा प्रकार! गिटारवादक बॉब स्टिन्सन हा या धुडगुसाचा मूर्तिमंत अवतार; कधीं कधीं तो बायकी झगा घालून वाजवावयास उभा राही. धाकटा भाऊ टॉमी उनाड होऊं नये म्हणून त्यानेंच त्याच्या हातीं बेस गिटार दिली होती. पहिली रेकॉर्ड 1981 मध्यें निघाली, तेव्हां टॉमी अवघा चौदा वर्षांचा होता.

पुढें पॉल वेस्टरबर्ग याचीं गीतें हळुवार, अंतर्मुख होत गेलीं. बॉबला त्यांत गोडी नव्हती, आणि व्यसनही आवरेना. 1986 मध्यें त्याला काढण्यांत आलें. उरलेल्या तिघांनीं मेम्फिस येथें जिम डिकिन्सन यांच्या देखरेखीखालीं वरील रेकॉर्ड केली. तिच्यांतील ‘कान्ट हार्डली वेट’ हें गाणें बॉबच्या काळांतलेंच. आतां त्याला पितळी वाद्यांची व तंतुवाद्यांची साथ मिळाली. तें सुंदर झालें आहे, हें कबूल करावयास मी कचरत नाहीं.

मग तक्रार कसली? बेतालपणा सोडणें हा कांहीं गुन्हा नव्हे. कलावंतानें आमच्या करमणुकीसाठीं जन्मभर पोरकट राहावें, ही अपेक्षाच क्रूर आहे. परंतु ज्या धुंदीच्या जोरावर चौघांनीं नांव मिळविलें, तिच्यांतून ज्याला बाहेर पडतां आलें नाहीं त्या एकट्यालाच तिची शिक्षा झाली. आणि शिक्षा देणारेही तेव्हां सोवळे नव्हते.

विद्यार्थी विचारतो, “सर, बुडत्याला धरून सगळ्यांनींच बुडावयाचें काय?” नाहीं. एकोणीस वर्षांच्या टॉमीनें भावाच्या मागोमाग न जातां बँडमध्यें राहणें पत्करलें, त्याला दोष देण्याचा मला धीर होत नाहीं. पण बुडत्याचा हात सोडावा लागला, तर त्याला हात सोडणें असेंच म्हणावें. तें पक्वतेच्या खात्यावर जमा करूं नये.

बॉब 1995 मध्यें, वयाच्या 35 व्या वर्षीं वारला. विद्यार्थ्याची रेकॉर्ड अजून माझ्याकडेच आहे. तिच्यांतील तें शेवटचें गाणें लागलें, कीं बॉबची गिटार कोठें आली असती, हें मी शोधूं लागतों.