नफ्याचे टक्के आणि माळकरी

गळ्यात माळ घातलेल्या माणसाने धंद्यात नफा घ्यावा की नाही? कीर्तन आटोपून मंडळी पांगू लागली की हा प्रश्न हमखास निघतो. आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे तर माळकऱ्यांत दुकानदार आहेत, फेरीवाले आहेत, भाजी-फुलांचा माल आणून विकणारेही आहेत. त्यांना हा प्रश्न रोजचाच.

आमचे उत्तर सरळ आहे. नफा घ्यावा. नामदेवरायांचे घराणे शिंप्याचे, सावतोबांचा मळा, गोरोबाकाकांचे चाक, नरहरी महाराजांची सोनारकी. विठ्ठल जोडला म्हणून कुणी धंदा सोडला नाही. कल्याण तर दोन हजार वर्षांपूर्वीचे नांदते बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कोरलेली आहेत. नफाच नसता तर दान कुठून झाले असते?

खरा प्रश्न पुढेच आहे. किती टक्के घ्यावा, आणि ते टक्के मोजावे कसे?

समजा, एका मावशींनी कल्याणच्या घाऊक बाजारातून 800 रुपयांची फुले घेतली. गाडीभाडे, दोरा, पिशव्या मिळून 40 रुपये गेले. डोंबिवलीत बसून सगळा माल 1050 ला विकला. नफा किती टक्के? नुसती खरेदी धरली तर 250 रुपये सुटले, म्हणजे सव्वाएकतीस टक्के. खर्च मिळवून मुद्दल 840 धरले तर नफा 210, म्हणजे 25 टक्के. तोच नफा विक्रीच्या रकमेवर मांडला तर 20 टक्के. व्यवहार एकच, तोंडे तीन! गिऱ्हाइकाला वीस सांगायचे आणि भागीदाराला एकतीस, हा मोह इथेच होतो. खर्चासकट जे खरे मुद्दल, त्यावर टक्के मोजावेत आणि सगळ्यांना एकच आकडा सांगावा. शिवाय त्या 210 रुपयांत मावशींची पहाटेपासूनची मजुरीही आहे, हे विसरू नये. पंचवीस टक्के ऐकायला मोठे वाटतात. हातात पडते ती एका दिवसाची भाकरी.

आता आषाढी एकादशी घ्या. तुळशीची जुडी एरवी 10 ला आणून 15 ला विकली जाते. नफा 50 टक्के. एकादशीला घाऊक भावच 20 झाला आणि विक्री 30 ला झाली, तरी टक्के तेच राहिले. तिथे विकणाऱ्याला बोल लावू नये. पण खरेदी 10 चीच असताना 30 मागितले, तर नफा 200 टक्के झाला. कुणी म्हणेल, "अहो, वर्षभर सुकून फेकलेला माल कोण भरून देणार?" बरोबर आहे. ती नासाडीही मुद्दलातच धरावी. तेवढी धरूनही जे वर उरते, ते कशाचे? तुळस तीच, कष्ट तेच. वाढली ती फक्त घेणाऱ्याची भक्ती आणि त्याची अडचण. दुसऱ्याच्या अडचणीला आपले भांडवल करणे, हा आमच्या मते नफा नव्हे.

कायदा इथे पुरा पडत नाही. पाकिटबंद मालावर कमाल किंमत छापलेली असते. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुळशीच्या जुडीवर आकडा कोण छापणार? तो विकणाऱ्याच्या मनावरच छापलेला असावा लागतो.

आणि घेणाऱ्यांनो, आपलेही थोडे पाहू या. मोठ्या दुकानात छापील किंमत आपण मुकाट्याने मोजतो आणि फूटपाथवरच्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. तिचा नफा आपल्याला दिसतो, तिचे मुद्दल दिसत नाही. तिच्या अडचणीचा फायदा घेणे हेही तेच पाप, फक्त तराजूच्या दुसऱ्या पारड्यातले.

तुकोबारायांचे घर वाण्याचे आणि सावकारीचे. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, हे आपण सारे सांगतो. पण चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते महाराजांनी आधी वेगळी काढून त्यांच्या स्वाधीन केली, आणि मग आपल्या वाट्याचीच तेवढी बुडवली. वैराग्याच्या त्या क्षणीसुद्धा वाटणी चोख होती! सोडायचे ते स्वतःचे सोडले. दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही.

परमार्थात हिशेब नको, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. धर्माचा नफा किती टक्के, याचा ठरीव आकडा आम्ही देऊ शकत नाही. पण रात्री वही मिटताना एवढे जरूर विचारावे: मुद्दल खरे धरले ना? माप पुरे दिले ना? आणि आजच्या नफ्यात कुणाची लाचारी तर मिसळली नाही ना? तीनही उत्तरे निर्मळ आली, तर ती वही पांडुरंगापुढे ठेवायला हरकत नाही.

रामकृष्ण हरि!